एकच बाई असल्याचं प्रतिज्ञापत्र

"मी, हवालदार आकाराम भाऊ इंगवले, निवृत्त," संयोगिता वाचू लागली, "सत्यप्रतिज्ञेवर सांगतो की, माझ्या डिस्चार्ज बुकात माझ्या पत्नीचे नाव रंगूबाई असे नोंदलेले असून तिचे खरे नाव लीलाबाई असे आहे. रंगूबाई व लीलाबाई ही एकच व्यक्ती आहे."

ती थांबली. सोप्यात फक्त ऑक्सिजनच्या मशीनची घरघर राहिली. आकारामच्या नाकातली नळी गालावर सरकली होती, ती त्यानं अंगठ्यानं जागेवर बसवली.

"म्होरं वाच."

"पुढं तारीख आणि सह्या आहेत आबा. तुमची, आईची, आणि नाथाजीमामांची साक्षीदार म्हणून. उद्या कराडला नोटरीसमोर करायच्या. दोन पेपरांत जाहिरात द्यायची, मग सगळं सैनिक कार्यालयातून रेकॉर्ड ऑफिसला. सुभेदारसाहेब म्हणाले, फार दिवस लागत नाहीत."

हे सुभेदार साताऱ्यात माजी सैनिकांचे अर्ज लिहून देत. आकारामनं त्यांच्याकडे फक्त एवढंच मागितलं होतं, की बायकोचं नाव दुरुस्त करायचं आहे. कारण विचारल्यावर त्यानं सगळं सांगितलं. तेव्हा सुभेदारांनी चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, खरं सांगत बसलात हवालदार, तर तुमच्या फुप्फुसाला दम धरवणार नाही. सोपी वाट घ्या.

आकारामला सोपी वाट चालणार होती. घाई त्याला होती, बायकोला नव्हती. पावसाळ्याआधी तिचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. भूल उतरत असताना नर्सनं तिचा गाल थोपटत हाका मारल्या, "रंगूबाई, ओ रंगूबाई, डोळे उघडा." तिनं डोळे न उघडताच सांगितलं, "रंगू न्हाई हितं. रंगू मेली." नर्स हसली आणि भुलीत पेशंट काहीही बोलतात म्हणाली. कॉटशेजारच्या स्टुलावर बसलेला आकाराम हसला नाही. त्या रात्रीपासून त्याचा दम वाढला, असं घरात सगळे म्हणत. डॉक्टर म्हणत, फुप्फुसं आधीपासूनच गेलेली आहेत.

"आई, ऐकलंस ना?" संयोगितानं आतल्या दाराकडे बघत विचारलं.

लीलाबाई उंबऱ्याच्या आत बसून वालाच्या शेंगा सोलत होती. तिनं मान हलवली. गळ्यातल्या काळ्या मण्यांत अडकवलेला चांदीचा टाक मानेबरोबर हलला. टाकावर रंगूबाई होती, म्हणजे एक उभी बाई, हात जोडलेली, नाकडोळे झिजून सपाट झालेली. सवतीच्या पाठीवर आलेल्या बाईनं तिचा टाक घालायचा असतो. सणाचं लुगडं आधी त्याच्यापुढं ठेवायचं, मग आपण नेसायचं. लीलाबाईनं हे कधी चुकवलं नव्हतं. सवत सख्खी बहीण होती, तेवढाच फरक.

"दादा काही बोलत नाही," संयोगिता म्हणाली.

वीरधवल चौकटीला पाठ टेकून उभा होता. मोटार रिवायंडिंगच्या दुकानातून तो तसाच आला होता. वॉर्निशचा वास अंगाला होता आणि बोटांच्या टोकांना तांब्याच्या तारेचे काप.

"ह्या कागदानं माझी आई कोन व्हती म्हनायचं?" त्यानं विचारलं.

"तुझ्या दाखल्यावर आईचं नाव रंगूबाईच आहे. ते बदलत नाही."

"नाव न्हाई इचारत मी. बाई इचारतोय."

संयोगितानं कागदाची घडी घातली. सांगलीच्या कॉलेजात ती रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत होती. बाटलीत एक आणि लेबलावर दुसरं असलं की तिला रात्री झोप येत नसे, आणि आपल्या आईच्या बाबतीत तेच घडलेलं आहे हे तिला लहानपणापासून माहीत होतं. गावात सगळ्यांनाच माहीत होतं. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. फक्त सरकारला कुणी सांगितलं नव्हतं.

"दादा, ऐक. खरं सांगायचं तर आधी रंगूमावशीचा मृत्यू नोंदवायला लागेल. ती बाळंतपणाला माहेरी गेली आणि तिकडंच गेली. दवाखाना नाही, दाखला नाही. इतक्या वर्षांनी नोंद करायची म्हणजे वरून हुकूम आणायचा. मग आई-आबांच्या लग्नाचा पुरावा. तो नाही. मग मी. माझी आई रंगूबाई, आणि ती माझ्या जन्माच्या पाच वर्षं आधी मेलेली. माझे सगळे कागद पुन्हा."

"म्हंजी तुझ्या कागदांसाठी."

"माझ्यासाठी नाही रे." तिचा आवाज खाली आला. "हे चालू असताना आबांना काही झालं तर काय होईल? रंगूबाई मेली हे सरकारला आपणच सांगितलेलं असेल. आणि लीलाबाई कोण, हे सांगायला आबा नसतील. म्हणजे आई कुणाचीच कुणी नाही. आज निदान दुसऱ्याच्या नावावर का होईना, आहे."

"मला काय व्हतंय," आकाराम म्हणाला आणि त्याला खोकला आला. तो थांबेपर्यंत तिघंही जमिनीकडे बघत राहिली.

खोकला थांबल्यावर तो वीरधवलकडे बघून म्हणाला, "तार आली तवा मी फिरोजपूरला. तारंत लिवलेलं, बायको सिरियस. सगळ्यांच्या तारा तशाच येत्यात, मेली आसं कोन लिवतंय. मला कळलं व्हतं. रजा काढून आलो तवर दिवस झालेलं. माघारी गेलो तर क्लार्कनं पुसलं, बीवी कैसी है. मी म्हनलो, ठीक है. सगळी रांग हुबी व्हती मागं. काय रडायचं व्हतं काय तितं?"

"आबा, मी तुमाला कवा काय बोललोय का त्येच्यावरनं?"

"बोलला न्हाईस. म्हनूनच म्हनतोय."

पुढचं सगळ्यांना पाठ होतं. पुढच्या रजेत धाकट्या बहिणीशी लग्न लावलं, कारण तान्हं पोर तिच्याच मांडीवर होतं. तांदळाच्या ताटात अंगठीनं नवरीचं नाव लिहायची वेळ आली. भटजींनी विचारलं, काय ठेवायचं. आकारामचे वडील म्हणाले, रंगूबाईच लिवा. पलटणीत तेच हाय, आकारामला पुन्हा कागद करायला नकोत. आणि गेलेलीचाबी जीव निवंल. मांडवातल्या बायकांनी वाहवा केली. एका नावानं सरकार आणि मेलेली बाई दोघंही राजी, म्हाताऱ्यानं काय डोकं चालवलंय म्हणाल्या.

"मावशी, तू बोल," वीरधवल म्हणाला. लग्न होईपर्यंत ती त्याची मावशीच होती, तसं पुढंही राहिलं. "तुला काय पायजे?"

लीलाबाईनं सोललेले दाणे ताटात एका बाजूला केले.

"मला नाव पायजे," ती म्हणाली.

घरात तिनं काही मागितल्याचं कुणाला आठवत नव्हतं. आकारामनं मान वळवून तिच्याकडे बघितलं. ती पुढं म्हणाली, "मी सातवी झालेली हाय. शाळंत हजेरी घ्यायचं गुरुजी, तवा मी लय मोट्यानं हजर म्हनायची. आज लायनीत हुबं केलं आन् रंगूबाई म्हनलं की मी आदी बगती, कोन फुडं जातंय का."

 खुंटीवरच्या गाडीच्या किल्ल्या घेऊन वीरधवल बाहेर पडला. सकाळी लवकर मामाला आणायला जायचं होतं.

*

इस्लामपूर मागं पडलं तसा रस्ता उसातून चालला. तोडी अजून लागल्या नव्हत्या. दोन्ही बाजूंना ऊस डोक्याच्या वर गेलेला, त्यामुळे गाडीतून आभाळाची एक पट्टी तेवढी दिसत होती. नाथाजीमामा धुतलेला सदरा घालून देवळापाशी आधीच येऊन उभे होते. गाडीत बसताना त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"म्हातारा कसा हाय?"

"नळी हाय नाकात. बोलतोय."

"जेवतोय का?"

"चार घास."

"मग हाय आजून," मामा म्हणाले. त्यांनी काच खाली केली. "मला तुज्या भनीनं फोनवर सांगितलं, सही करायची. कशाची ते नीट समजलं न्हाई. लीलीचं नाव लावायचंय म्हनली. चांगलं हाय की. आमी तर तिला लीलीच म्हनतोय आजून."

वीरधवलला वाटलं, सांगू नये. सही झाल्यावर कळलं तर कळलं. पण मामा सत्तरीच्या पुढचे होते आणि पहाटे आंघोळ करून आले होते.

"मामा, त्यात आसं लिवलंय, की रंगूबाई आन् लीलाबाई ही एकच बाई. आन् तुमी भाऊ म्हनून सही करायची."

मामांनी काच वर केली.

"एकच म्हंजी?"

"एकच. दोन नावं, बाई एक."

"मग रंगी?"

"न्हवतीच."

मामांनी गुडघ्यावरची टोपी हातात घेतली. मग बोलू लागले ते वीरधवलशी नाही, टोपीशी बोलल्यासारखं.

"न्हवती कशी. मला पवायला रंगीनं शिकवलं. बापानं न्हाई. पाटीला भोपळा बांदायची आन् किस्नंत ढकलून द्यायची. लीलीलाबी तसंच. लीली रडायची, ही काटावर बसून हसायची. लय कडू व्हती. मारक्या म्हशीला वेसन घालायला गडी भ्यायचं, ही जायची." ते थांबले. "तुला कुनी सांगितलं न्हाई व्हय हे?"

"न्हाई."

"लीलीनंबी न्हाई?"

"मावशी तिचं नाव काडलं की गप व्हती. मी पुसायचं सोडून दिलं."

"फोटू तरी पायजे व्हता. त्या काळात कोन फोटू काडतंय."

वीरधवलनं गिअर बदलला. दुकानात जळालेली मोटार आली की तो आधी जुनी तार उलगडून वेढे मोजायचा. किती वेढे होते ते कळल्याशिवाय नवीन गुंडाळता येत नाहीत. आईचं त्याच्याकडे मोजण्यासारखं काहीच नव्हतं. फोटो नाही, समाधी नाही, नोंद नाही. पितळी भांड्यांवर नाव घालायची पद्धत होती, पण माहेरची भांडी कधीच मोडीत गेली होती. त्याच्या दाखल्यावरचं नाव सोडलं तर सगळ्या जगात ती एकाच ठिकाणी लिहिलेली होती, बापाच्या डिस्चार्ज बुकात, एका ओळीत. तेही आता आपण खोडायला निघालो आहोत.

"तू काय म्हनतोस?" मामांनी विचारलं.

"मी काल नगं म्हनत व्हतो."

"आन् आज?"

"रातभर इचार केला. माझी आई मला बगून तीन दिवसांत गेली. मावशीनं मला पंचेचाळीस वर्सं बगितलं. तिनं आयुष्यात पयल्यांदा काय मागितलं, आन् मी तिला म्हनायचं, थांब, माझी आई आडवी येतीया?" त्यानं समोरच्या ट्रकला वाट दिली. "सही करा मामा."

"माझ्याच्यानं व्हईल का ते बगतो," मामा म्हणाले.

*

कराडला नोटरी वकीलबाईंचं ऑफिस पहिल्या मजल्यावर होतं. जिना अरुंद. आकारामला वर नेणं शक्यच नव्हतं, म्हणून वकीलबाई आधी स्वतः खाली आल्या. गाडीच्या पुढच्या सीटवर बसलेल्या आकारामला त्यांनी कागद वाचून दाखवला आणि त्याची सही घेतली. हवालदार इंगवले, पूर्ण, खाली रेघ.

"बाकीच्यांनी वर या," वकीलबाई म्हणाल्या.

"जावा," आकाराम लीलाबाईला म्हणाला. "मी हाय हितं. शिलिंडर भरलेला हाय."

जिन्यात संयोगिता आईच्या मागं होती. आईनं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं. सकाळी ती स्वयंपाकघरात जुन्या वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर पेनानं काहीतरी लिहीत होती. संयोगितानं मागून बघितलं तर लीला, लीला, लीला. अक्षर शाळेतल्या मुलीचं होतं, कारण त्यानंतर ते कधी वापरलंच गेलं नव्हतं. त्या क्षणी संयोगितानं ठरवलं होतं, की खोटं असेल तर असू दे, ह्या कागदाचं पाप आपल्या डोक्यावर.

वर चार खुर्च्या होत्या. वकीलबाईंनी शिक्के बाहेर काढले.

"तुम्ही लीलाबाई?"

"व्हय."

"आधार कार्ड द्या. ह्याच्यावर रंगूबाई आहे. बरोबर, त्यासाठीच तर हे. कागद वाचलाय ना? म्हणजे रंगूबाई पण तुम्हीच आणि लीलाबाई पण तुम्हीच."

लीलाबाईनं मान हलवली, होय की नाही ते कळलं नाही.

"आणि हे भाऊ." वकीलबाई नाथाजीमामांकडे वळल्या. त्या चांगल्या होत्या, घाई करत नव्हत्या. "मामा, मी सगळ्यांना तोंडी विचारते, माझी पद्धत आहे. ही तुमची सख्खी बहीण?"

"सख्खी."

"हिला माहेरी लीला म्हणायचे, सासरी रंगूबाई. बरोबर?"

"बरोबर." मामांनी टोपी डोक्यावर घातली आणि परत काढली.

"तुम्हाला बहिणी किती?"

मामांनी वीरधवलकडे बघितलं. वीरधवलनं डोळ्यांनीच सांगितलं, बोला. मामांनी तोंड उघडलं. खालच्या रस्त्यावर कुणीतरी रिक्षाचा हॉर्न दाबून धरला होता, तो थांबेपर्यंत ते तसेच राहिले. थांबल्यावरही शब्द आला नाही. त्यांची हनुवटी हलत होती.

"मामा, साधा प्रश्न आहे," संयोगिता हळू म्हणाली.

"साधा हाय गं," मामा म्हणाले.

लीलाबाई भावाकडे बघत होती. भोपळा बांधून पाण्यात पडलेला हा पोरगा तिला आठवत होता, नाकातोंडात पाणी गेलेला, आणि काठावर बसून हसणारी रंगी. रंगीनं उडी मारून दोघांना एकदम बाहेर काढलं होतं. नंतर घरी बापाला सांगितलं, मीच ढकललं, ह्यांना मारू नका. हे सगळं लीलाबाईनं इतकी वर्षं बाजूला ठेवलं होतं. दिवसभर जिच्या नावानं हाका येतात तिची आठवण काढत बसलं तर माणूस दोन तुकड्यांत जगेल, म्हणून ठेवलं होतं.

तिला नाव हवं होतं. आत्तासुद्धा, समोर पेन असताना, हवं होतं. एक सही, आणि मरताना ती लीला असणार होती. भाऊ 'एकच बहीण' म्हणेल, म्हणायला लागेल, आणि मग घरी जाऊन पुन्हा कधी तिच्याकडे बघणार नाही.

"दोगी," ती म्हणाली.

वकीलबाईंनी वर बघितलं.

"त्येला दोन भनी. मी धाकटी. रंगू थोरली. ती मेली, बाळंतपनात. हा तिचा ल्योक." तिनं वीरधवलकडे बोट केलं. "त्या कागदात लिवलंय ते खरं न्हाई."

वकीलबाईंनी शिक्का हळूच डबीत ठेवला.

"मग आजी, हे मला करता येणार नाही."

"कळतंय मला."

"आई," संयोगिता उठली. "आई, खाली आबांची सही झालीय. पुन्हा त्यांना आणता येणार आहे का? तुला कळतंय का, आता लीलाबाई म्हणून तुला कुठंच जागा नाही."

"न्हवतीच."

"मग खरं करू. आपण रंगूमावशीची नोंद करू, हुकूम आणू—"

"आन् तुजा बाप गेला मदीच, तर? तूच सांगितलंस काल." लीलाबाईनं पदर सावरला. "तिला मारायची बी न्हाई आन् पुसायची बी न्हाई. हाय तसं ऱ्हाऊ दे. त्या बुकात हाय ती. तेवडंच हाय तिचं. मी काय, मी तुमच्यात हाय."

वीरधवल म्हणाला, "मावशी, मी मामाला सही करा म्हनलो व्हतो. माझ्यापाई थांबू नगंस."

"तुज्यापाई न्हाई रं."

"मग?"

तिनं जरा विचार केला. "ती न्हवती म्हनल्यावर मी कुनाची धाकटी?"

मामा रडू लागले. आवाज न करता, टोपीत तोंड घालून. वकीलबाईंनी पाण्याचा ग्लास पुढं केला तो कुणी घेतला नाही. शेवटी संयोगितानंच टेबलावरचा कागद उचलला. बापाच्या सहीची शाई अजून नवी दिसत होती. तिनं तो चार घड्या घालून पर्समध्ये ठेवला, फाडला नाही.

जिन्याच्या तोंडाशी वीरधवलनं विचारलं, "आबांना काय सांगायचं?"

"मी सांगती," लीलाबाई म्हणाली.

*

आकाराम काच खाली करून बसला होता. सिलिंडरचा काटा त्याला दिसत नव्हता, पण तो दर थोड्या वेळानं वाकून बघत होता. ते चौघं जिन्यातून बाहेर आले तेव्हा त्यानं आधी बायकोच्या तोंडाकडे बघितलं. तिच्या तोंडावरून त्याला कधीच काही कळलं नव्हतं.

"झालं?"

"झालं."

"सगळ्यांच्या सह्या?"

"व्हय."

त्यानं डोळे मिटले. ती मागं बसली, मध्ये, एका बाजूला मामा आणि दुसऱ्या बाजूला संयोगिता. संयोगिता आईकडे बघत होती. आईनं तिच्या मनगटावर हात ठेवला आणि जरा दाबला, म्हणजे बोलू नको.

गाडी कराडच्या बाहेर पडली. कोयनेच्या पुलावर ट्रॅक्टर आडवा होता, तिथं थांबावं लागलं.

"वीरधवल," आकाराम म्हणाला, "तुजं काय म्हननं व्हतं, ते मला समजलं व्हतं. तुज्या आईवर अन्याव झाला. मला ठावं हाय ते."

"आसू दे आबा."

"पर हिला बी काय दिलं आमी. नाव बी दुसरीचं." त्याला दम लागला, तो थांबला, नळीतून दोन-तीन श्वास घेतले. "आता मी मेलो तर कागदावर तिचं नाव ईल. विधवा म्हनून का आसंना, पर तिचं."

ट्रॅक्टर हलला. वीरधवलनं गाडी पुढं घेतली आणि आरसा जरा वर वळवला, मागचं कुणी दिसू नये असा.

"लीलाबाई," आकाराम म्हणाला.

त्या घरचं कुणी तिला त्या नावानं पहिल्यांदाच बोललं. तो हाक मारत नव्हता, नुसता शब्द जिभेवर फिरवून बघत होता, पलटणीत नव्या माणसाचं नाव घेऊन बघावं तसा. "लीलाबाई आकाराम इंगवले. बरं वाटतंय की. आं? मामा, बरं वाटतंय का न्हाई?"

"बरं वाटतंय," मामा म्हणाले.

"मला सवय व्हायला दोन दीस लागतील. घरात मी हीच हाक मारनार आता. हसू नगा कुनी."

तो खरंच हसला, आणि त्याचा पुन्हा खोकला सुरू झाला. ह्या वेळी लांबला. वीरधवलनं एका हातानं त्याची पाठ धरली आणि गाडी कडेला घेतली. उसाची पानं काचेला घासली. खोकला ओसरल्यावर आकारामनं मान मागं टेकली, डोळ्यांतलं पाणी तळहातानं पुसलं.

"लीला," तो म्हणाला, "पानी दे गं."

पाण्याची बाटली तिच्या मांडीवर होती. दोन्ही हातांनी धरलेली. तिनं ऐकलं होतं. ती बाटलीकडे बघत होती आणि हात हलत नव्हते.

नाथाजीमामांनी तिच्या बोटांतून बाटली हळूच सोडवली, टोपण फिरवलं आणि पुढं दिली.